उरलेलं तीर्थ

"सही केलीस म्हणजे सुटलीस, असं समजू नकोस. माल जातो तिथं तुझी सही जाते. माल खोटा निघाला तर चिठ्ठी धाडू नकोस, फोनवर भागवू नकोस. आपल्या पायानं जा. जाशील ना?"

दामोदरपंतांनी हे विचारलं तेव्हा ते खाटेला खिळलेले होते, पण आवाज कारखान्यातलाच होता, भट्टीच्या पंख्याच्या घरघरीवरून ऐकू जाणारा. अनुसूयानं त्यांच्या हातात हात देऊन "जाईन" म्हटलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. पंतांचं नि तिचं रक्ताचं नातं काही नव्हतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तिला हाताला धरून शिकवलं, एवढंच. तरी पितृपंधरवड्यात ती एक घास त्यांच्या नावानं काढून ठेवायची.

सप्र्यांचं घराणं सात-आठ पिढ्यांपूर्वी पूजाअर्चेसाठी झाशीला आलं आणि झाशीचंच होऊन गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. या घरात सून होऊन आलेल्या अनुसूयानं लग्नानंतर रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा मानिक चौकातल्या नातलग बायका म्हणाल्या होत्या, "शिकून काय, पापड लाटायला सोडा किती घालायचा ते काढणार?" तिनं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायची तिला सवयच नव्हती. पहाटे स्नान, माळ, देवापुढे दिवा, मग चहाचा पहिला घोट. गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन. आणि गेली तेवीस वर्षं शहराबाहेरच्या कारखान्यातली नोकरी, त्यातही नेमच.

हा कारखाना बिनतेलाचे ट्रान्सफॉर्मर बनवायचा. इस्पितळं, शाळा, जिथं तेल पेटायची भीती नको तिथं ते लागतात. तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, साच्यात ठेवायची, साच्यातली हवा ओढून काढायची, आणि रेझिन, हार्डनर नि दळलेली सिलिका यांचं गरम मिश्रण सावकाश आत सोडायचं. कारखान्यातली माणसं सिलिकेला सरळ रेतच म्हणत. रात्रभर भट्टीत राहिलं की हे पातळ मिश्रण दगड होऊन बाहेर येतं.

कसं, ते पंतांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "हार्डनर म्हणजे आपलेच दोन हात एकात एक गुंफून बसलेला माणूस. ऊब मिळाली की हात सुटतात आणि तो दोन्हीकडून रेझिनला धरतो. असे लाखो धरत गेले की जाळं होतं, आणि जाळ्याचा दगड. पण मध्ये पाणी आलं ना, तर हा वेडा आधी पाण्याचाच हात धरतो. मग जाळ्याला भोकं. वरून दगडच दिसतो हं. आतून मात्र फसवा." म्हणून रेत भाजून कोरडी, पिंपं बंद, हात पुसलेले. पंतांच्या राज्यात मिक्सरच्या खोलीत पाण्याची बाटली न्यायचीही बंदी होती.

आणि पंतांची वडी. दर ओतणीतलं थोडं मिश्रण एका लहान वाटीत ओतायचं, कॉइलसोबत भट्टीत ठेवायचं आणि मग ती वडी अर्धा तास उकळत्या पाण्यात बुडवून तिच्यात दाभण रोवून बघायचं. दाभण घसरलं तर माल खरा. रुतलं तर नाही. कारखान्याच्या नियमावलीत ही चाचणी कुठंच नव्हती. पण अनुसूयानं तेवीस वर्षांत ती एकदाही चुकवली नव्हती.

एकदा सोडून.

ते एकदा सप्टेंबरात झालं. विश्वकर्मापूजेच्या संध्याकाळी ती गुरसरायला नणंदेच्या घरी गेली, सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सहा कॉइल ओतल्या गेल्या. ती परतली तेव्हा मऊरानीपुरच्या नव्या प्रसूतिगृहाची घाई चालली होती. विजेच्या दाबाच्या सगळ्या चाचण्या पास, कागद टेबलावर, कारखान्याचे मॅनेजर सलील कानिटकर दाराशी उभे. "ताई, फक्त तुमची सही राहिलीय." सहा वड्या खणात ठेवून तिनं सही केली. वड्या उद्या बघू, म्हणाली. मग तो उद्या पुढंच जात राहिला. सहापैकी तीन कॉइलचा ट्रान्सफॉर्मर मऊरानीपुरला गेला, तीन कारखान्यात राहिल्या.

आणि पितृपंधरवड्यातल्या शेवटच्या गुरुवारी, मागं राहिलेलं काम संपवावं म्हणून तिनं तो खण उघडला.

पहिल्या वडीत दाभण रुतलं.

थोडंसंच, तांदळाच्या दाण्याएवढं. अनुसूयानं दाभण काढून पुसलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दुसरी वडी, तिसरी. सहाच्या सहा. मग तिनं ऑगस्टातल्या ओतणीची एक जुनी वडी त्याच पाण्यात अर्धा तास ठेवली. तिच्यावरून दाभण काचेवरून घसरावं तसं घसरलं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. बारापर्यंत मौन. तिनं एक चिठ्ठी लिहून मदतनीस श्रेयाच्या पुढ्यात ठेवली. 'अठरा तारखेची वही दे.'

श्रेया इथल्याच सरकारी कंपनीतल्या इंजिनियरची मुलगी. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जायची. "दीदी, आज गुरुवार आहे ना, तुमचा मोबाइल साइलेंट पे," ती हसत म्हणाली. मग अनुसूयाचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "क्या हुआ? काही गडबड?"

वहीत श्रेयाच्याच अक्षरात होतं: मिश्रण घट्ट व्हायला लागलेला वेळ, एकवीस मिनिटं. एरवी सत्तावीस. अनुसूयानं आकड्यावर बोट ठेवलं.

"मी लिहिलं होतं, दीदी. सलील सरांना सांगितलं पण. ते बोलले, गरमी जास्त होती त्या दिवशी." श्रेया ओशाळली. "मर्यादेच्या अंदर होता ना."

होता. मर्यादा वीस मिनिटांची. अनुसूयानं तिच्या हातावर हलकेच थोपटलं आणि दुसरी चिठ्ठी लिहिली. 'तुझी चूक नाही. रेतीची नोंद आण.'

रेत कोरडी होती. हार्डनरच्या पिंपातला राखून ठेवलेला नमुनाही स्वच्छ, मधासारखा पिवळसर, आरपार दिसणारा. मग राहिली ती मिक्सरच्या वरची टाकी. तिची तपासणी होतच नसे. पिंपातून नळीनं हार्डनर टाकीत जायचा, टाकी बंद, तिच्यात बाहेरून काही पडणारच कसं? पूजेनंतर मोठ्या ऑर्डरी दुसऱ्या मशीनवर गेल्या होत्या, त्यामुळे टाकीत तळाशी तेव्हाचा थोडा माल अजून होता. अनुसूयानं हातमोजे चढवले, खालची चावी उघडून अर्धा पेला काढला आणि खिडकीपाशी नेला.

पेल्यात पांढुरका गढूळपणा होता. खाली बारीक रवा बसलेला, उपासाच्या बुऱ्या साखरेसारखा.

आता तिला मोजून बघायचीही गरज नव्हती, पण तिनं मोजलं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत, ओठ मिटून, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हार्डनरमध्ये जिथं अॅसिड नावाला असायला हवं तिथं ते शेकडा साताच्या वर होतं. पाणी शिरलं होतं, आणि शिंतोडा नव्हे, चांगलं अर्धा लिटर. हार्डनरनं पाण्याचा हात धरला होता, आणि त्या अॅसिडनंच मिश्रण सहा मिनिटं आधी घट्ट झालं होतं.

बारा वाजले. अनुसूयानं हात धुतले, मनातल्या मनात नमस्कार केला आणि मौन सोडलं. त्या दिवसाचा तिचा पहिला शब्द होता, "श्यामसुंदर."

श्यामसुंदर मिक्सरवाला. पन्नाशीचा, मानिक चौकामागच्या गल्लीतला, बुंदेली बोलणारा, हाताचा साफ. वीस वर्षं टाकीची किल्ली त्याच्याच कमरेला होती. अनुसूयानं त्याला स्टुलावर बसवलं, गढूळ पेला मध्ये ठेवला आणि नेहमीच्या खालच्या आवाजात विचारलं, "श्याम भैया, पूजा के दिन टंकी खोली थी?"

तो पेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हओ दीदी. खोली थी."

"क्यों?"

"आप ही तो नर्मदाजी का जल दे गई थीं, मशीनों पर छिड़कने को."

दिलं होतं. नर्मदापुरमहून आणलेलं, पितळी तांब्यात. जाताना तिनं बजावलंही होतं, चार थेंब प्रत्येक मशीनवर, बाहेरून, फुलानं.

"छिड़का. सब पे छिड़का. फिर लोटे में आधा बच गया." श्यामसुंदरनं बोटांनी तेवढी उंची दाखवली. "आपने ही कहा था, दीदी, बचा हुआ जल पाँव के नीचे न आए, नाली में न जाए. अब इते देखो, आँगन में सब सीमेंट. न तुलसी, न पेड़. बाहर नाली. हम लोटा लिए आधा घंटा घूमे."

"पी लेते."

"मुँह में तंबाकू थी." तो खाली मान घालून म्हणाला. "जूठे मुँह से कैसे पीते? फिर सोची, अस्पताल का काम है, जच्चा-बच्चा का. टंकी में डाल दें तो जल माल में मिल जाएगा, वहीं पहुँच जाएगा. किसी के पाँव नहीं पड़ेगा. पुण्य लगेगा." मग अगदी हळू, "पाप हो गया का?"

श्रेयानं तोंड फिरवलं. तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नसावं.

अनुसूयानं गढूळ पेला बाजूला सरकवला. या माणसाला रागवावं तर कशाबद्दल? तिनं जे सांगितलं ते त्यानं अक्षरशः पाळलं होतं, बहुतेक माणसं पाळतात त्याहून जास्त. तीर्थ तिचं, सूचना तिची. तीर्थ कुठं ठेवायचं नाही एवढं तिनं बजावलं, उरलेलं कुठं ठेवायचं ते सांगायला विसरली. आणि जी वडी त्याच आठवड्यात ओरडून सगळं सांगणार होती, ती तिनं खणात बंद करून ठेवली.

"पाप नहीं, भैया. गलती. और आधी मेरी है." ती उठली. "टंकी बंद. आज से एक बूँद नहीं जाएगी. तीन कॉइल जो यहाँ रखी हैं, उन पर लाल फीता बाँधो."

"और जो मऊरानीपुर गई?"

तिनं अहवाल लिहिला, कागद दुमडला आणि सलील कानिटकरांच्या खोलीकडे निघाली.

सलील पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती. चौतिशीचे, हुशार, घाईतले. अनुसूयाला मान द्यायचे, पण एखाद्या जुन्या घड्याळाला द्यावा तसा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, वडीत दाभण रोवून बघितलं आणि खुर्चीत मागं रेलले.

"ताई, टाकीला व्हॅक्यूम असतो. पाणी उडून गेलं असणार."

"उडायच्या आधी धरलं, साहेब. टाकी साठ अंशांवर असते. अॅसिड मोजलंय मी, तीनदा."

"बरं. पण दाबाच्या चाचण्या? सगळ्या पास."

"थंड असताना. ट्रान्सफॉर्मर चालला की कॉइल तापते. आता ऑक्टोबर आहे, पाच-सहा महिने काही होणार नाही. जेठात, नौतप्याच्या त्या नऊ दिवसांत इथं सावलीत सत्तेचाळीस होतं. पंखे, कूलर, सगळा भार. तेव्हा आतून नरम होईल, चीर पडेल, आणि एक दिवस बसेल." ती थांबली. "प्रसूतिगृह आहे, साहेब."

"हेच म्हणतोय मी. मेपर्यंत वेळ आहे. हिवाळ्यात नव्या कॉइल ओतू, गुपचूप बदलून देऊ. आज बोंब कशाला? दाभणाची चाचणी कुठल्या कागदावर आहे, सांगा. तुमच्या त्या दामोदरपंतांच्या पोतडीतली आहे ती."

"चढवलेला ट्रान्सफॉर्मर कुणी खुशीनं उतरवत नाही. आज म्हणाल हिवाळ्यात, हिवाळ्यात म्हणाल होळीनंतर, मग पुढच्या हिवाळ्यात. तेव्हा तुमची बदली झालेली असेल, मी निवृत्त."

सलीलना हे लागलं, कारण खरं होतं. त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "निवृत्तीला तुम्हाला चौदा महिने राहिलेत. तुम्ही सही मागं घेतलीत तर वरचं ऑफिस पहिला प्रश्न काय विचारेल? सही केलीच कशी? तुमचा सहीचा अधिकार जाईल, ताई. तेवीस वर्षांचं नाव आहे. आणि पाणी टाकणाऱ्याचं तर विचारूच नका. कोण होता तो?"

"पाणी माझं होतं."

"म्हणजे?"

"तीर्थ मी आणलं, मी दिलं, उरलेल्याचं काय करायचं ते नीट सांगितलं नाही. वडी मी तपासली नाही. अहवालात असंच लिहिलंय." तिनं दुमडलेला कागद पुढं सरकवला. "सही मागं घेतेय. सहाही कॉइलवरची."

सलील कागद वाचत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी तो खणात ठेवला नाही की परतही दिला नाही. "मी वर पाठवतो," ते म्हणाले, आधीपेक्षा मऊ आवाजात. "पण त्यांचं उत्तर आल्याशिवाय मला गिऱ्हाइकाला चिठ्ठी देता येत नाही. आठ-दहा दिवस तरी. आणि तिथं रविवारी घटस्थापनेला सुरू करतायत."

"माहीत आहे. उद्या रजा हवी होती, साहेब."

"कशाला?"

"स्वतःच्या कामाला."

सलीलनी तिच्याकडे बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं आणि रजेच्या अर्जावर सही करून टाकली.

प्रयोगशाळेत आल्यावर तिनं आधी फोन लावला. पंत फोनवर भागवू नको म्हणाले होते, फोन करूच नको असं नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घातली. प्रसूतिगृहाच्या विजेचं काम बघणारा आशुतोष नावाचा तरुण इंजिनियर होता. अदबीनं बोलला.

"मैडम, आप कह रही हैं तो ठीक ही होगा. मगर काग़ज़ पर तो दस्तख़त आप ही के हैं. पास. कंपनी की चिट्ठी भिजवा दीजिए, रोक देंगे. वरना शनिवार को काम चलाने वाला पुराना ट्रांसफ़ॉर्मर उतर रहा है, इतवार को पूजा है, सब बड़े लोग आ रहे हैं. मैं किस मुँह से रोकूँ?"

"मैं आ जाऊँ तो?"

"आप? यहाँ?" त्याला खरं वाटेना. "आप आ जाएँ, कुछ दिखा दें, अपने हाथ से लिख के दे दें, तो बात दूसरी है. मगर शनिवार से पहले."

"कल आऊँगी. वचन."

फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की जे वचन नऊ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला दिलं होतं, तेच आज पुन्हा एका अनोळखी मुलाला दिलं गेलं. पंतांचं खरंच होतं. फोनवर माणूस कागदाशी बोलतो.

संध्याकाळी घरी विद्याधरपंत दारातच होते. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं, वर्तमानपत्र आणि बायकोची चेष्टा. तिनं पायऱ्यांवर बसूनच सगळं सांगितलं.

"म्हणजे," ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "आमच्या घरचं तीर्थ घेऊन ट्रान्सफॉर्मरच आजारी पडला. मी तीस वर्षं पितोय, मला काही होत नाही."

"तुम्ही मुळातच पक्के भाजलेले."

ते मोठ्यानं हसले. मग हसू आवरून म्हणाले, "अगं, पण तुझं नाव जाईल. सेवानिवृत्तीला हार घालताना लोक आठवतील ते हेच. सप्रे बाईंनी माल परत आणला."

"आठवू देत की. खरंच आहे ते."

"रागवणार नाहीस ना, एक विचारतो. देवाचं पाणी, आणि बिघडवलं. तुला काही वाटत नाही?"

तिनं बराच विचार केला. तुळशीपाशी दिवा लावायची वेळ झाली होती, वात हातात तशीच होती. "अहो, पाण्यानं पाण्याचाच धर्म पाळला," ती शेवटी म्हणाली. "कोणी त्याला नको तिथं नेलं तर त्याचा काय दोष? देव मला म्हणेल, तुला नेम दिला होता, वडीचा. तो का मोडलास? तीर्थाबद्दल तो विचारणारच नाही."

विद्याधरपंत उठून आत गेले. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला. "मऊरानीपुरची पहिली बस सहाची. मागच्या सीटवर बसू नकोस, कंबर धरेल."

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा तासभर आधी उठली. स्नान झालं, माळ झाली, सगळं नेहमीच्याच संथपणे, एक मणीही घाईनं न ओढता. मग एका रुमालाच्या दोन टोकांना तिनं दोन वड्या बांधल्या, ऑगस्टातली एका गाठीत, सप्टेंबरातली दुसऱ्या. दाभण सुईच्या डबीत. अॅसिडच्या मोजणीचा कागद. सही मागं घेतल्याच्या पत्राची प्रत. उकळतं पाणी न्यायची गरज नव्हती, चहाची भट्टी मऊरानीपुरलाही पेटतच असणार. अर्धा तास त्या मुलाला शेजारी बसवायचं, दाभण त्याच्याच हातात द्यायचं. कागदावर विश्वास ठेवायचा की बोटांवर, ते मग त्याचं त्यानं ठरवावं.

विद्याधरपंतांनी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला. "चतुर्दशी आहे आज, बाहेरचं खाऊ नकोस," असं म्हणून दाराची कडी स्वतः काढली.

बसस्थानकावर अजून अंधुक होतं. पहिल्या बसच्या पायरीपाशी श्यामसुंदर उभा होता, अंगात धुतलेला सदरा, काखेत पान्यांची पिशवी.

"तुम काहे आए? ड्यूटी?"

"छुट्टी ले ली." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तार जोड़ने वाली लिंक कौन खोलेगा वहाँ? उनके लड़के नई मशीन को हाथ लगाएँगे, तोड़ देंगे. और..." त्यानं पान्यांची पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. "जल आपका था, दीदी. टंकी में तो हमने डाला. आपने अपना ही नाम लिख दिया. ऐसे कैसे?"

अनुसूयानं त्याच्याकडे बघितलं. ओठ लाल नव्हते, गाल रिकामा होता.

"आज तंबाकू नहीं?"

"कल से छोड़ी है," तो म्हणाला. मग जरा थांबून, "देखो, कब तक."

कंडक्टरनं मऊरानीपुरचा पुकारा केला. आत चढल्यावर तिनं पिशवी शेजारच्या सीटवर न ठेवता मांडीवर घेतली, त्याला बसायला जागा केली. रुमालाच्या दोन्ही गाठी तिनं एकदा बोटांनी चाचपल्या, कुठली कुठली ते ओळखून घेतलं. बस हलली, आणि ती ओठांतल्या ओठांत दुसरी माळ जपू लागली.